कमी पाण्याची बाग: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळ्यात पाणी कमी लागेल अशी, आपल्याकडच्याच झाडांची बाग कशी करावी, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत. कणकुंबीचा धो धो पाऊस आणि अथणीचं कोरडं रान एकाच बेळगाव जिल्ह्यात येतं. त्यामुळे एका गावाला दिलेलं उत्तर दुसऱ्या गावात जसंच्या तसं लागू करू नका.

टिळकवाडीत तीस-चाळीसची साइट आहे. घर सोडून पुढे साधारण ४०० चौरस फूट आणि पश्चिमेला सहा फुटांची पट्टी उरते. माती तांबडी, खाली मुरूम. देशी झाडांची बाग करायची आहे. रोपं कुठली आणावीत? – वाचक, बेळगाव

रोपं सगळ्यात शेवटी आणायची. आधी कागदावर जागेचा नकाशा काढा आणि सकाळी नऊ, दुपारी एक व चार वाजता ऊन कुठे पडतं त्याच्या खुणा करा. मग छपराचं पाणी कुठल्या पाइपातून उतरतं आणि कुठे वाहत जातं, ते पाहा. बहुतेक घरांत ते सरळ गटारात जातं, आणि मार्चपासून त्याच घरात टँकरची चौकशी सुरू होते.

तिसरी गोष्ट, निचरा. दीड फूट खोल खड्डा काढून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. दोन ते पाच सेंटिमीटर उतरलं तर उत्तम. एक सेंटिमीटरही उतरलं नाही तर खाली कडक थर आहे, तो पहारीने फोडावा लागेल. दहाच्या वर उतरलं तर माती पाणी धरत नाही, तिथे शेणखत जास्त घालावं लागतं. तुमच्या भागात तांबड्या मातीखाली मुरूम आणि जांभा असतो, तेव्हा दोन ठिकाणी खड्डे काढून पाहा. एकाच अंगणात दोन वेगळे निकाल येतात.

आता झाडं. ४०० चौरस फुटांत मोठं झाड एकच. आपटा घ्या किंवा काळा कुडा घ्या. दोन्ही आटोपशीर राहतात आणि मुळं वर्षा-दोन वर्षांत स्थिरावली की पाण्यासाठी तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. बहावा हवाच असेल तर भिंतीपासून १५ फूट जागा लागेल, ती आहे का बघा. पश्चिमेच्या पट्टीत निर्गुडी आणि अडुळसा तीन-तीन फुटांवर लावा. ४० फुटांत १३ रोपं बसतात. दुपारचं ऊन भिंतीवर येण्याआधी तीच अडवतात, शिवाय जून-जुलैचा पश्चिमेचा वाराही थोडा मोडतात.

बाकीची मांडणी पाण्याच्या गरजेप्रमाणे करा, रंगाप्रमाणे नव्हे. तुळस, मोगरा, कढीपत्ता ही रोज-दोन दिवसांनी पाणी मागणारी मंडळी स्वयंपाकघराच्या दाराशी एकत्र ठेवा. अबोली, कोरांटी, पारिजातक मधल्या पट्ट्यात. फाटकाकडे, जिथे पाइप पोचत नाही तिथे तरवड. मोगरा तरवडाच्या शेजारी लावला की मोगऱ्यासाठी दिलेल्या पाण्याने तरवड कुजतो आणि तरवडाकडे बघून पाणी तोडलं की मोगरा वाळतो. पाणी वाया जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि नर्सरीवाला ते कधी सांगत नाही.

खड्डे मे महिन्यात काढून दोन-तीन आठवडे तापू द्या. झाडाला दोन फूट लांब-रुंद-खोल, झुडपाला दीड फूट. भिंती गुळगुळीत ठेवू नका, टिकावाने खरवडा, नाहीतर मुळं कुंडीतल्यासारखी आतल्या आत गोल फिरतात. दोन भाग वरची माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी २०० ग्रॅम निंबोळी पेंड एवढं पुरे. लागवड मृग लागल्यावर, जमीन वीतभर ओली झाल्यावरच करा. पहिल्या वळवाच्या सरीला भुलून रोप लावलं आणि पुढे पंधरा दिवस पावसाने दडी मारली, की कष्ट वाया. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांचं वेटोळं दिसलं तर ते ब्लेडने कापा. खोडाचा जो भाग पिशवीत मातीच्या वर होता तो खड्ड्यातही वरच राहिला पाहिजे. वाऱ्यासाठी काठी रोवा आणि रोप व काठी सुतळीच्या आठच्या आकड्याने सैल बांधा.

आणि एक. देशी झाड म्हणजे पाणी लागतच नाही, हा गैरसमज आहे. पहिले दोन उन्हाळे ते तुमच्यावर अवलंबून असतं. पहिल्या उन्हाळ्यात झाडाला आठवड्याला १५ ते २० लिटर, झुडपाला ५ ते ८ लिटर, एकदाच आणि सावकाश. दुसऱ्या उन्हाळ्यात झाडाला पंधरा दिवसांनी ३० लिटर, पण खोडापासून दोन फूट लांब. तिसऱ्या वर्षी पाणी बंद करून पाहा. रोज तांब्या-तांब्या पाणी घालणं सगळ्यात वाईट. त्याने मुळं वरच राहतात आणि घरचे चार दिवस गावाला गेले की झाड मान टाकतं.

छपराचं पाणी साठवायचं म्हटलं तर किती मोठी टाकी घ्यावी? – वाचक, अनगोळ

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. स्लॅब १०० चौरस मीटरचा असेल आणि २५ मिलिमीटरची एक वळवाची सर आली तर अडीच हजार लिटर पडतं, उडून-सांडून दोन हजार हाती लागतं. बागेला रोज १०० लिटर लागत असेल तर दोन हजार लिटरची टाकी २० दिवस पुरते.

पावसाळ्यातलं सगळं पाणी साठवण्याच्या नादी लागू नका. चार महिन्यांत तुमच्या छपरावर जे पडतं ते मावायला घराएवढी टाकी लागेल, आणि त्या चार महिन्यांत बागेला पाणी नकोच असतं. टाकी एप्रिल-मेच्या वळवासाठी आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसासाठी. जून ते सप्टेंबरचं पाणी जमिनीत मुरवा. घराच्या पायापासून तीन मीटर अंतर सोडून दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल चर काढा. तळाशी गोटे, वर खडी, वर जाड वाळू. उन्हाळाभर छपरावर धूळ आणि पाचोळा साठलेला असतो, म्हणून पहिल्या दोन सरींचं पाणी टाकीत घेऊ नका. त्यासाठी पाइपाला तळाशी एक टी आणि झाकण बसवून घ्यायचं, प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे.

आमची काळी जमीन. गेल्या वर्षी बहावा लावला, खड्ड्यात तांबडी माती आणि भरपूर शेणखत घातलं. ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडली, दिवाळीपर्यंत झाड मेलं. पाणी तर कमी पडलं नव्हतं. – वाचक, निपाणी

पाणी कमी पडलं नाही, जास्त झालं. काळ्या मातीत खड्डा काढून त्यात भुसभुशीत तांबडी माती भरली की तो खड्डा हौदाचं काम करतो. आजूबाजूच्या काळ्या मातीतून पाणी निचरत नाही, सगळं खड्ड्यात येऊन बसतं. मुळं जुलै-ऑगस्टमध्येच गुदमरतात, पानांवर ते दिसायला ऑक्टोबर उजाडतो. तोवर पानं पिवळी बघून लोक आणखी पाणी घालतात. मेलेलं झाड उपटून मुळं हुंगा. काळी पडलेली, साल हाताने निसटणारी आणि कुबट वासाची असतील तर हेच कारण.

पुन्हा लावताना खड्ड्यात त्याच जागेची काळी माती भरा, शेणखत फार तर एक बुट्टी. झाड जमिनीच्या पातळीत लावू नका. चार फूट रुंद आणि एक फूट उंच मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. भोवतीचं आळं पावसाळ्यात उताराच्या बाजूने फोडून ठेवा आणि परतीचा पाऊस संपला की पुन्हा बांधा.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा मुळं तोडतात आणि ओल उडवून नेतात. भेगा पाणी घालून बुजवू नका. वरची दोन बोटं माती खुरप्याने भुरभुरीत करून भेगांत ढकला आणि वर आच्छादन पसरा. तुमच्याकडे उसाचं पाचट मुबलक आहे, लोक ते जाळतात. तेच तीन-चार इंच जाडीने घाला, फक्त खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा. बहाव्याशिवाय करंज, भोकर, कवठ, बोर ही झाडंही काळ्या जमिनीत चांगली येतात.

बोअरचं पाणी खारट आहे. कुंड्यांवर पांढरा थर येतो, मोगऱ्याची पानं टोकाकडून करपतात. मडकी पुरून पाणी द्यावं का? – वाचक, अथणी

मोगरा आणि अबोलीला खारं पाणी सोसत नाही. ती दोन-चार कुंड्यांत ठेवा आणि त्यांना साठवलेलं पावसाचं पाणी द्या. जमिनीत करंज, शमी, कडुनिंब, बोर, भोकर लावा. ही झाडं खारटपणा बऱ्यापैकी सोसतात. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ फुकट मिळाली तरी आणू नका. एकदा अंगणात बी सांडलं की पुढची दहा वर्षं उपटत बसावं लागतं.

खाऱ्या पाण्याचा नियम उलटा वाटेल असा आहे: थोडं-थोडं आणि रोज देऊ नका. थोड्या पाण्यातलं मीठ मुळांपाशीच साचतं. आठवड्याने एकदा, पण भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं. ठिबक असेल तर ओल्या वर्तुळाच्या कडेला मीठ जमतं. पहिल्या हलक्या पावसात लोक खुशीने ठिबक बंद करतात. तसं करू नका. दोन-चार मिलिमीटर पावसाने ते कडेचं मीठ वाहून मुळांशी येतं आणि भर पावसात पानं करपलेली दिसतात. चांगली भिजवणी होईपर्यंत ठिबक चालू ठेवा. जिप्सम घालावं का, हे माती तपासल्याशिवाय ठरवू नका. त्याची चौकशी होबळीच्या (तालुक्याच्या पोटविभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात करता येईल.

मडक्यांची युक्ती चांगली, पण खाऱ्या पाण्याने त्यांची भोकं वर्षभरात बुजतात. रंग किंवा झिलई न केलेलं पाच ते सात लिटरचं मडकं घ्या. खानापूरच्या कुंभारी मडक्यांना पाझर बरा असतो. विकत घेण्याआधी पाणी भरून तासभर ठेवा, बाहेरून दमट झालं पाहिजे. गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर झाकणी ठेवायची, नाहीतर डास होतात. मडक्याच्या चारी बाजूंना फूटभर अंतरात लावलेल्या झुडपांना ओल पोचते. पाणी तीन ते पाच दिवसांत उतरलं पाहिजे. आठवडा झाला तरी अर्धं भरलेलं असेल तर काढून काथ्याने घासा, एक दिवस पावसाच्या पाण्यात भिजत ठेवा. तरी पाझरलं नाही तर त्याची रवानगी चिमण्यांच्या पाण्यासाठी करा.

आमच्याकडे पावसाळ्यात सगळं कुजतं आणि एप्रिलमध्ये सगळं वाळतं. मधला मार्ग आहे का? – वाचक, जांबोटी

तुमच्या जंगलानेच तो काढला आहे. पावसात वाढायचं, फुलायचं आणि उन्हाळाभर जमिनीखाली झोपायचं, अशी कंदांची पद्धत. रानहळद, पेव, कळलावी लावा. दिवाळीनंतर पानं वाळतात, ती वाळू द्या, पाणी अजिबात घालू नका. घातलं तर कंद कुजतो. कळलावीचा कंद जहाल विषारी असतो, घरात लहान मुलं असतील तर ती नकोच. झुडपांत धायटी, करवंद, कुडा आणि मांडवाला कुसर.

पाचोळ्याचं आच्छादन जून-जुलैत खोडापासून दूर ओढून ठेवा. तुमच्या पावसात ते ओलं बसून राहतं, बुरशी आणि गोगलगायींना आयतं घर मिळतं. सप्टेंबरअखेर पुन्हा पसरा. कंद आणि रोपं भीमगडच्या रानातून उपटून आणू नका. तो अभयारण्याचा भाग आहे, कायद्याने गुन्हा होतो. ओळखीच्या घरच्या परसातून एक कंद मागितला तर तीन मिळतात.

हजार फुटांचं लॉन आहे. मुलांना खेळायला हवं, पण पाणी परवडत नाही. – वाचक, हिंदवाडी

एप्रिलमध्ये लॉनला दिवसाला चौरस मीटरमागे साधारण ५ लिटर पाणी लागतं. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोज साडेचारशे लिटरच्या आसपास. सगळ्या झाडा-झुडपांना मिळून तुम्ही आठवड्यात जेवढं द्याल, तेवढं लॉन एका-दोन दिवसांत पितं. आमचं मत स्पष्ट आहे: मुलांपुरतं ३०० फूट ठेवा, बाकी काढा.

ठेवाल त्या भागात विकतचं गवत काढून हरळी येऊ द्या. दोन इंचांखाली कापू नका. मार्च ते मे ती पिवळी पडेल, पडू द्या. पहिल्या वळवाला चार दिवसांत हिरवी होते. तिच्यात विष्णुक्रांता मिसळली तर निळी फुलंही मिळतात. कडेने एक वीत खोल फरशी उभी गाडा, नाहीतर हरळी वाफ्यांत शिरते आणि मग तिला काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

उरलेल्या भागातलं गवत मे महिन्याच्या उन्हात कुदळीने उलटून, मुळ्या वेचून वाळवा. वर पुठ्ठा अंथरून गवत मारायची युक्ती विकतच्या नाजूक लॉनला चालते, हरळी त्याला दाद देत नाही. मोकळ्या जागेवर सिमेंटचे ब्लॉक बसवू नका. ते तापतात आणि पाणी मुरू देत नाहीत. जांभ्याचे चिरे दोन बोटं फट सोडून वाळूवर बसवा.

ठिबक बसवलं आहे, टाकी १५ फुटांवर. सुरुवातीच्या झाडांना पाणी येतं, शेवटच्यांना थेंबही नाही. – वाचक, चिकोडी

१५ फुटांवरून साधारण ०.४५ बार दाब मिळतो. त्यातला काही गाळणीत जातो. दुकानदाराने दाब-नियंत्रित ड्रिपर दिले असतील तर ते एवढ्या दाबावर नीट चालत नाहीत, त्यांना एक बारच्या आसपास लागतो. साधे, एवढ्या कमी दाबावर तासाला ४ लिटर देणारे ड्रिपर मागून घ्या.

तपासणी सोपी आहे. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली १५ मिनिटं भांडं ठेवा. १ लिटर जमलं पाहिजे. पहिल्याखालीही कमी जमलं तर गाळणी धुवा. पहिल्याला पूर्ण आणि शेवटच्याला पाऊण लिटरपेक्षा कमी असेल तर नळी चढाला गेली आहे किंवा मुख्य नळी म्हणून बारीक ४ मिलिमीटरची वापरली आहे. मुख्य नळी १६ मिलिमीटरचीच हवी. तिची टोकं महिन्यातून एकदा उघडून गाळ वाहू द्या. झाडाला दोन ड्रिपर आणि दोन तास म्हणजे १६ लिटर, एवढं आठवड्याला पुरतं.

वॉशिंग मशीनचं आणि आरओचं पाणी बागेला चालतं का? – वाचक, शहापूर

मशीनचं पहिलं साबणाचं पाणी नको, नंतरचं खळबळण्याचं चालेल. ते चोवीस तासांपेक्षा जास्त साठवू नका, सडतं. पालेभाजीला देऊ नका आणि एकाच झाडाला सतत देऊ नका. कर्दळ, अळू, केळ यांचा खड्डा करून त्यात सोडलं तर उत्तम. ही झाडं तहानलेलीच असतात. आरओचं वाया जाणारं पाणी नळाचं असेल तर बागेला चालतं. बोअरचं असेल तर त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात, ते फरशी पुसायला ठेवा.

वनखात्याच्या रोपवाटिकेत पाट्या कन्नडमध्ये असतात, मागायचं काय ते कळत नाही. – वाचक, हुक्केरी

बहावा म्हणजे कक्के, करंज होंगे, पळस मुत्तुग, कडुनिंब बेवु, निर्गुडी लक्की, अडुळसा आडुसोगे, तरवड तंगडी. ‘अशोक’ म्हणून बहुतेक ठिकाणी उंच सरळ वाढणारा आसुपालव देतात. सीताअशोक हवा असेल तर तसं ठासून सांगा, आणि त्याला सावली व ओल लागते हे धरून चाला, कमी पाण्याच्या बागेत तो बसत नाही. सहा फुटांचं रोप बघून मोहात पडू नका. पिशवीच्या भोकांतून जाड मुळी बाहेर आलेली असेल तर ते पिशवीतच म्हातारं झालं आहे. दोन-अडीच फुटांचं घ्या.

शेजारी म्हणतात, असली रानटी बाग केली की साप येतील. – वाचक, येळ्ळूर

साप झाडाला येत नाहीत, उंदरांमागे येतात. भिंतीलगत तीन फूट पट्टा मोकळा ठेवा. तिथे जुनी कौलं, विटा, लाकडं रचून ठेवू नका आणि कोंबड्यांचं खाद्य उघडं टाकू नका. झुडपांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून फूटभर छाटा, म्हणजे झाडू फिरवता येतो.

बहाव्याची पानं हिरव्या अळ्यांनी चाळणी केली आहेत. कुठलं औषध मारू? – वाचक, खानापूर

कुठलंच नको. त्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत, पावसाळ्यात बहाव्यावर हटकून येतात. दोन-तीन आठवड्यांत कोष करतात आणि झाड नवी पालवी काढतं. झाड दोन वर्षांच्या आतलं असेल आणि निम्म्याहून जास्त पानं गेली असतील, तरच सकाळी अळ्या हाताने वेचा आणि थोड्या राहू द्या. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्यांनाही हेच लागू. फक्त फोडणीला पानं तोडताना नीट बघून घ्या.